इंपेलरचं पातं काढण्याआधी: कोन कुठून, जाडी कुठली, फेरा किती

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत नव्यानं डिझाइनच्या टेबलावर बसलं, की कधी ना कधी पंपाच्या इंपेलरचं (पाणी फेकणाऱ्या, पाती असलेल्या फिरत्या चाकाचं) ड्रॉइंग समोर येतंच. नवखा माणूस लगेच कॅड उघडतो आणि वक्ररेषा ओढायला लागतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘पात्याचा कोन २४ अंश’ एवढ्या माहितीवर पातं काढता येत नाही. कुठल्या व्यासावर २४? कुठल्या दिशेपासून मोजलेले? पात्याचा कोन की पाण्याचा? या प्रश्नांची उत्तरं ड्रॉइंगवर नसतील तर गणित कितीही चोख असलं तरी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो तो नमुना, वाया जातो.

इथे शेताच्या पंपाचं एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. सेकंदाला ८ लिटर पाणी, हेड (पाणी चढवायची उंची) २४ मीटर, वेग २८८० आरपीएम, म्हणजे दोन पोलची साधी मोटर. एकूण कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर सुमारे २.९ किलोवॉट लागतात, त्यामुळे ५ एचपीची मोटर पुरते.

आधी आकार ठरवणारे आकडे

पहिला आकडा स्पेसिफिक स्पीडचा. आरपीएमला घनमीटर प्रतिसेकंदातल्या प्रवाहाच्या वर्गमुळानं गुणायचं आणि हेडच्या ०.७५ घातानं भागायचं. आपल्या पंपासाठी उत्तर येतं २४. याचा अर्थ अरुंद, चपटा, पाणी सरळ बाहेर फेकणारा रेडियल इंपेलर. हाच आकडा ६०-७० च्या पुढे गेला की पाण्याची वाट तिरकी होते, आणि २०० च्या आसपास तो प्रोपेलरसारखा दिसायला लागतो. आलेखावरून वाचताना एकक तपासा. अमेरिकी गॅलन आणि फूट वापरून हाच पंप १२३० च्या आसपास येतो. तो आलेख मेट्रिक समजून वाचलात तर पुढचं सगळंच चुकेल.

दुसरा आकडा बाहेरच्या व्यासाचा. इंपेलरच्या बाहेरच्या कडेच्या वेगाचा वर्ग साधारण ‘दोन गुणिले ९.८१ गुणिले हेड’ इतका धरून सुरुवात करायची. २४ मीटरसाठी कडेचा वेग २१.७ मीटर प्रतिसेकंद येतो आणि २८८० आरपीएमला व्यास १४४ मिमी. हा अंदाज आहे, पुढे तपासून पक्का करायचा असतो. पाणी जिथून शिरतं त्या तोंडाचा, म्हणजे आयचा व्यास ६२ मिमी धरू. इंपेलर आणि पंपाच्या कवचामधल्या वेअर रिंगच्या फटीतून काही पाणी परत गळतं, म्हणून इंपेलरमधून ८ ऐवजी ८.४ लिटर जातं असं मानून पुढचं गणित करायचं. हे ५ टक्के विसरले की पंप टेस्ट बेडवर नेमका तेवढाच कमी भरतो.

दोन दृश्यं

इंपेलरचं पातं एका दृश्यात कधीच पूर्ण सांगता येत नाही. मेरिडिओनल दृश्यात अक्ष आडवा असतो, आणि पात्याचा प्रत्येक बिंदू अक्षाभोवती फिरवून एकाच पातळीत आणलेला असतो. नेहमीचा छेद वेगळा. छेदात पातं जिथे कापलं जाईल तेवढंच दिसतं, इथे अख्खं पातं एका पट्ट्यात जमा होतं. या पट्ट्याच्या एका बाजूला हब, म्हणजे शाफ्टकडची मागची तबकडी, आणि दुसऱ्या बाजूला श्राउड, म्हणजे आयकडची पुढची तबकडी. हब आणि श्राउडमधलं अंतर ही पाण्याच्या वाटेची रुंदी. आपल्या पंपात शिरताना ती १७ मिमी आणि बाहेर पडताना ११ मिमी.

दुसरं दृश्य प्लॅनचं, अक्षाच्या दिशेनं बघितलेलं. पात्याचा वळसा इथे दिसतो. पातं किती उंच, किती रुंद हे मेरिडिओनल दृश्य सांगतं, आणि किती फिरतं हे प्लॅन सांगतो. दोन्हींत एकच त्रिज्या असलेले बिंदू एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. कॅडमध्ये पातं ‘मुरगळलेलं’ दिसलं तर दहातल्या नऊ वेळा हे जुळलेलं नसतं.

पाणी आधी ज्या कडेला भेटतं ती लीडिंग एज, सोडून जातं ती ट्रेलिंग एज. पंपात लीडिंग एज आत, आयजवळ असते. जलविद्युत केंद्रातल्या फ्रान्सिस रनरमध्ये (टर्बाइनच्या चाकात) पाणी बाहेरून आत येतं, म्हणून तिथे ती बाहेर. पंप उलटा चालवून टर्बाइन म्हणून वापरायचा असेल तर कडांची अदलाबदल होते. मग पंपाची जाडसर ट्रेलिंग एजच येणाऱ्या पाण्याला तोंड देते, म्हणून तिला गोलाई द्यावी लागते.

कोन: सगळ्यात जास्त घोळ इथे

पंपाच्या कामात पात्याचा कोन परिघाच्या स्पर्शरेषेपासून मोजायची रीत आहे. गॅस टर्बाइन आणि ॲक्सिअल कंप्रेसरच्या कामात तो बहुधा अक्षापासून, म्हणजे मेरिडिओनल दिशेपासून मोजतात. आपले २४ अंश तिथे ६६ होतात. सॉफ्टवेअर बदललं की हा नियमही बदलू शकतो. हत्तरगीच्या एरोस्पेस वसाहतीतलं काम करून आलेला माणूस पंपाकडे वळला, किंवा उलट झालं, तर पहिल्या दिवशी हेच विचारून घ्यावं. ४५ अंशाच्या जवळचा कोन असेल तर चूक नजरेलाही दिसत नाही, म्हणून तो जास्त घातक.

आता कोन काढायचा कसा. पात्याची सुरुवात सरासरी ६० मिमी व्यासावर धरू. तिथे परिघाचा वेग ९.०५ मीटर प्रतिसेकंद. पाण्याचा मेरिडिओनल वेग (मेरिडिओनल दृश्यातल्या वाटेनं पुढे जाण्याचा वेग) म्हणजे ०.००८४ घनमीटर भागिले ‘पाय गुणिले ०.०६० गुणिले ०.०१७’, उत्तर २.६२. दोन्हींचं गुणोत्तर ०.२९, म्हणजे कोन १६ अंश. पण हा पाती नसतानाचा कोन झाला. सहा पाती, प्रत्येकाची कड ३ मिमी जाड, आणि ती तिरकी बसलेली. त्यामुळे परिघावर प्रत्येक पातं ३ मिमी नाही, तर ‘३ भागिले साइन २४’, म्हणजे ७.४ मिमी जागा अडवतं. दोन पात्यांमधलं अंतर, पिच, ३१.४ मिमी. जवळजवळ पाव वाट बुजली. उरलेल्या जागेतून तेवढंच पाणी जायचं म्हणून वेग ३.४ होतो आणि कोन २१ अंशांवर जातो. जाडीनं वाट अडण्याला ब्लॉकेज म्हणतात. तो न धरता १६ अंशांवर पातं काढलं तर पाणी पात्यावर तिरकं आदळतं आणि पंप ठरलेल्या प्रवाहाच्या कितीतरी आधी दमतो.

पाण्याचा कोन २१ आला, तरी पात्याला २४ द्यायचे. मधल्या ३ अंशांच्या फरकाला इन्सिडन्स म्हणतात. थोडा जास्त कोन दिला की वाट थोडी मोकळी होते आणि जास्त प्रवाहालाही पंप तग धरतो. २ ते ४ अंश पुरे. ८-१० दिले तर नेहमीच्या प्रवाहालाच कमी दाबाच्या बाजूला पाणी पात्यापासून सुटतं आणि आवाज सुरू होतो.

हा एक कोन सरासरी व्यासापुरता झाला. लीडिंग एज तिरकी असेल तर श्राउडकडे व्यास ६६ आणि हबकडे ५४ असू शकतो. मेरिडिओनल वेग तोच धरला तर पाण्याचा कोन श्राउडकडे १९ आणि हबकडे २३ अंश येतो. म्हणून चांगल्या इंपेलरचं पातं आयजवळ पिळलेलं असतं. आपल्या २४ स्पेसिफिक स्पीडला सरळ उभं, न पिळलेलं पातं चालून जातं, कार्यक्षमतेत थोडी तोशीस सोसायची तयारी असेल तर. ३० च्या पुढे मात्र पिळाशिवाय काढू नये.

बाहेरच्या कोनाची गोष्ट वेगळी. इथे पात्याला २५ अंश देऊ. पाणी मात्र २५ अंशांनी बाहेर पडत नाही. सहाच पाती असल्यामुळे दोन पात्यांमधलं पाणी पूर्ण वळत नाही, मागे रेंगाळतं. याला स्लिप म्हणतात. वीसनरच्या सूत्रानं स्लिपचा गुणक काढायचा: बाहेरच्या कोनाच्या साइनचं वर्गमूळ भागिले पात्यांच्या संख्येचा ०.७ घात, हे १ मधून वजा. सहा पाती आणि २५ अंशांना ०.८१ येतो. त्यावरून पाण्याचा फिरता वेग १३.५ मीटर प्रतिसेकंद, आणि पाणी पात्याच्या सापेक्ष १३ अंशांनीच निघतं. पातं २५ सांगतं, पाणी १३ करतं. सिम्युलेशनचं चित्र बघून ‘कोन चुकला’ म्हणत पातं बदलणारे बरेच असतात. हा १२ अंशांचा फरक, म्हणजे डेव्हिएशन, असायचाच.

तपासणी अशी: कडेचा वेग २१.७ गुणिले १३.५ भागिले ९.८१, म्हणजे सुमारे ३० मीटर. हे सैद्धांतिक हेड. यातलं ८० टक्के पदरात पडेल असं धरलं तर २४ मीटर. सुरुवातीचा १४४ मिमीचा अंदाज टिकला. टिकला नसता तर व्यास बदलून इथपर्यंत पुन्हा यायचं.

फेरा काढायची रीत

आतला कोन २४, बाहेरचा २५, मधे काय? पातं सुरुवातीपासून शेवटापर्यंत अक्षाभोवती किती अंश फिरतं त्याला रॅप अँगल म्हणतात. तो मनानं ठरवायचा नसतो, कोनांतून तो आपोआप निघतो. त्रिज्येचे छोटे टप्पे करा. प्रत्येक टप्प्याची लांबी भागिले ‘मधली त्रिज्या गुणिले तिथल्या कोनाचा टॅन’ केलं की तेवढ्या टप्प्यात पातं किती फिरलं ते रेडियनमध्ये मिळतं. ५७.३ नं गुणलं की अंश.

आपली त्रिज्या ३० पासून ७२ मिमी. ७ मिमीचे सहा टप्पे करू. पहिला टप्पा ३० ते ३७, मधली त्रिज्या ३३.५, कोन २४.१, उत्तर २६.८ अंश. शेवटचा टप्पा ६५ ते ७२, उत्तर १२.६ अंश. बेरीज करत गेलं की त्रिज्या ३७, ४४, ५१, ५८, ६५, ७२ ला पातं अनुक्रमे २७, ४९, ६७, ८३.५, ९८ आणि ११० अंशांवर येतं. हे सात बिंदू, सुरुवातीचा शून्य धरून, प्लॅनमध्ये टाका आणि त्यातून स्प्लाइन (कॅडमधली गुळगुळीत वक्ररेषा) ओढा. ही पात्याची मधली रेषा, कॅम्बर लाइन. जाडी तिच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी द्यायची, आणि ती रेषेला लंब मोजायची. परिघावर मोजून ४ मिमी दिली तर कास्टिंगमध्ये पातं दीड-पावणेदोन मिमीचं निघतं आणि वाळूच्या साच्यात धातू तिथपर्यंत पोचतच नाही.

पात्याचा पट्टा आयजवळ वळत असेल तर टप्प्याची लांबी त्रिज्येत मोजून चालत नाही. मेरिडिओनल रेषेवरची लांबी घ्यावी लागते. पिळलेल्या पात्याला हा हिशेब हब, मधली आणि श्राउड अशा तिन्ही रेषांवर वेगवेगळा करायचा. मग तिन्हींची ट्रेलिंग एज एका ओळीत ठेवायची की थोडी तिरकी, हे ठरवायचं. याला स्टॅकिंग म्हणतात.

जुन्या ड्रॉइंगवर बऱ्याचदा पातं एकाच वर्तुळाच्या कमानीनं काढलेलं दिसतं. सोपं असतं, कंपासचं काम. आपल्या आकड्यांना ती कमान ५६.६ मिमी त्रिज्येची येते आणि दोन्ही टोकांना कोन अचूक २४ आणि २५ देते. पण मधे, ५१ मिमी त्रिज्येवर, त्याच कमानीचा कोन जवळजवळ ३४ अंश होतो आणि फेरा ११० ऐवजी ८४ वर येतो. वाट आखूड होते, मधेच झपकन फुगते आणि पाणी पात्याला धरून राहत नाही. ‘कोन बरोबर होते तरी पंप का बसला’ याचं उत्तर कित्येकदा इथे असतं. म्हणून टोकांचे कोन लिहून थांबू नका, मधल्या दोन-तीन त्रिज्यांवरचे कोनही ड्रॉइंगवर द्या.

फेरा किती असावा? सहा पात्यांत दोन पात्यांमधला कोन ६० अंश. ११० चा फेरा म्हणजे एक पातं पुढच्यावर ५० अंश चढलेलं. एवढं पुरेसं. १५० च्या पुढे गेलात तर घर्षण वाढतं, आणि मुख्य म्हणजे लांब, बारीक, वळलेला कोअर (साच्यातला वाळूचा गाभा, ज्यामुळे पाण्याची वाट पोकळ राहते) ओतताना तुटतो.

थ्रोट आणि पात्यांची संख्या

दोन शेजारच्या पात्यांमधली सगळ्यात अरुंद जागा म्हणजे थ्रोट. आतल्या टोकाजवळ ती साधारण ‘पिच गुणिले साइन कोन, वजा जाडी’ असते: ३१.४ गुणिले ०.४०७ वजा ३, म्हणजे ९.८ मिमी. हे माप ड्रॉइंगवर जरूर द्या, कारण कास्टिंग हातात आल्यावर कोन मोजणं कठीण आणि थ्रोट मोजणं सोपं. ९.५ मिमीच्या ड्रिलचा शँक आयमधून प्रत्येक वाटेत घालून बघा. गेला पाहिजे. १०.५ चा जाता कामा नये. सहापैकी एका वाटेत अडला तर तिथला कोअर सरकलाय.

पाती पाच, सहा किंवा सात. जास्त पाती दिली की स्लिप घटते, हेड वाढतं, पण आतली वाट बुजते. घाणेरडं पाणी ओढणाऱ्या पंपाला दोन-तीनच देतात, म्हणजे चोथा अडकत नाही. केसिंगला, म्हणजे पंपाच्या कवचाला, पाणी बाहेर पडतं तिथे जीभ (आत आलेली कड) असते. अशा जिभा एकाहून जास्त असतील तर त्यांच्या संख्येनं पात्यांच्या संख्येला पूर्ण भाग जाऊ नये. दोन जिभांच्या केसिंगमध्ये सहा पाती घातली की एकाच वेळी दोन पाती दोन जिभांसमोर येतात आणि पाइपलाइन थरथरते.

पात्याच्या दोन बाजू

पाण्याला ढकलते ती प्रेशर साइड, दुसरी सक्शन साइड. विमानाच्या पंखावरून शिकलेल्याला वाटतं की फुगीर बाजू नेहमी सक्शनची. पंपाच्या मागे वाकलेल्या पात्यात उलट आहे. फिरण्याच्या दिशेनं तोंड असलेली बाहेरची फुगीर बाजू प्रेशरची, आतली खोलगट बाजू सक्शनची. कॅव्हिटेशनचे (कमी दाबानं पाण्यात तयार झालेले बुडबुडे फुटून पडणारे) खड्डे कुठे पडलेत हे बघून दोष शोधताना हे माहीत नसेल तर निदान चुकतं.

ॲक्सिअल पात्याचे शब्द, थोडक्यात

कूलिंग टॉवरचा पंखा, किंवा निपाणी-संकेश्वर-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्यांतली वाफेची टर्बाइन हाती आली तर हे शब्द लागतील. लीडिंग एजपासून ट्रेलिंग एजपर्यंतची सरळ रेषा म्हणजे कॉर्ड. कॅम्बर लाइन कॉर्डपासून सगळ्यात जास्त जितकी उचललेली असते तो कॅम्बर. नाका (NACA) या प्रमाणित छेदांच्या मालिकेतला ४४१२ हा छेद ६० मिमी कॉर्डनं काढायचा तर पहिला आकडा ४ टक्के कॅम्बर, म्हणजे २.४ मिमी, दुसरा तो ४० टक्क्यांवर, म्हणजे लीडिंग एजपासून २४ मिमीवर, शेवटचे दोन जाडी १२ टक्के, म्हणजे ७.२ मिमी. कॉर्ड अक्षाशी किती तिरकी बसवली तो स्टॅगर अँगल. कॉर्ड भागिले पिच म्हणजे सॉलिडिटी. मुळापासून टोकाकडे जाताना परिघाचा वेग वाढतो म्हणून स्टॅगर बदलत जातो आणि पातं पिळलेलं दिसतं. पात्याच्या कोनात आणि स्टॅगरमध्ये गल्लत करू नका. कोन कॅम्बर लाइनच्या टोकाच्या स्पर्शरेषेचा, स्टॅगर कॉर्डचा.

कॅडपासून पॅटर्नपर्यंत

ग्रे कास्ट आयर्न थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं. मशीनिंगसाठी दर बाजूला ३ मिमी ठेवले तर १४४ चा कच्चा व्यास १५०, आणि पॅटर्न १५१.५ मिमी. गनमेटलला दीड टक्का धरतात, स्टेनलेसला दोन किंवा जास्त. एकसारखं आकसत असेल तर कोन बदलत नाहीत, म्हणून कोनाला काही वाढवायचं नाही. नेहमी होणारी चूक म्हणजे डिझायनर मॉडेलला श्रिंकेज देऊन पाठवतो आणि पॅटर्नवाला श्रिंक रूल (आकसणं धरून वाढवलेली मोजपट्टी) लावून पुन्हा देतो. फाइलच्या नावात आणि ड्रॉइंगवर ‘तयार माप’ किंवा ‘पॅटर्न माप’ यांपैकी एक स्पष्ट लिहा.

पाती कोअरमधल्या फटीतून तयार होतात, हे लक्षात ठेवा. कोअर घासून बसवला की पातं जाड होतं आणि वाट अरुंद. बाहेरची वाट ११ ऐवजी १० मिमी झाली तर मेरिडिओनल वेग दहा टक्क्यांनी वाढतो, आणि फक्त गणितानंच तीन टक्के हेड जातं. खरं नुकसान त्याहून जास्त, कारण अरुंद वाटेत घर्षणही वाढतं.

आणि हात. म्हणजे डावा इंपेलर की उजवा. आपल्या भागात ड्रॉइंग इंग्रजीत, चर्चा मराठीत आणि मोल्डिंगच्या जागेवरचं बोलणं बऱ्याचदा कन्नडमध्ये चालतं. ‘उजवीकडे फिरतो’ हे वाक्य या वाटेनं जाताना कुठल्या बाजूनं बघून उजवीकडे, हे गळून पडतं. त्यामुळे शब्दांवर विसंबू नका. प्लॅनवर फिरण्याचा ठळक बाण काढा, शेजारी ‘आयच्या बाजूनं बघितलेलं’ असं लिहा, आणि श्राउडवर ओतीव बाण येईल अशी सोय पॅटर्नमध्येच करा. मागे वाकलेल्या पात्याची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट रेलतात. चुकीच्या हाताचा इंपेलर बसला तर पाती पुढे वाकलेली ठरतात, मोटर जास्त करंट ओढते, आणि शेतकरी मोटरच्या वायंडिंगला दोष देत बसतो.

हेड थोडं जास्त निघालं तर बाहेरचा व्यास कमी करता येतो. १४४ चा १३८ केला तर हेड साधारण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरून २२ मीटरवर येतं. प्रत्यक्षात जरा जास्तच उतरतं, म्हणून १४० ला थांबून एकदा टेस्ट घ्या. कापलेला धातू परत लावता येत नाही.

शेवटी बॅलन्सिंग. पंपाच्या इंपेलरला जी ६.३ हा ग्रेड नेहमीचा. २ किलोच्या इंपेलरला २८८० आरपीएमला परवानगी सुमारे ४२ ग्रॅम-मिमी, म्हणजे ६५ मिमी त्रिज्येवर ०.६४ ग्रॅम. वजन काढायचं ते हबच्या मागच्या तोंडावरून, बाहेरच्या कडेजवळ, उथळ पसरट घासून. पात्याची टोकं घासून वजन जुळवू नका. तसं केलं तर एका पात्याचा कोन आणि जाडी बाकीच्यांहून वेगळी होते, आणि काट्यावर जुळलेला इंपेलर पाण्यात गेल्यावर थरथरतो.